ब्लॅकआउट पडदे ड्रायक्लीनला दिले आणि मागचा थरच सुटला

प्रश्न : दादा नमस्कार. मिस्टरांची नाइट शिफ्ट असते म्हणून बेडरूमला तीन वर्षांपूर्वी ब्लॅकआउट पडदे शिवून घेतले होते. दिवाळीच्या आवराआवरीत कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत ड्रायक्लीनला दिले, तर परत आले ते घड्या एकमेकींना चिकटूनच. सोडवायला गेले तर मागचा पांढरा थर पापुद्र्यासारखा निघाला आणि आता पडद्याला ठिकठिकाणी उजेड दिसतोय. लॉन्ड्रीवाला म्हणतो कापडच हलकं, दुकानदार म्हणतो लॉन्ड्रीने वाट लावली. खरं कोण? पडदे वाचतील का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी वाईट बातमी देतो, सुटलेला थर परत बसत नाही. फेव्हिकॉल, स्प्रे, काही काही लावू नका, डाग पडतील ते वेगळेच.

आता खरं कोण ते बघू, आणि ते पडदाच सांगेल. जमिनीवर पसरा आणि लॉन्ड्रीतून आला होता तशीच घडी परत घाला. थर निघालेल्या जागा घडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर येतायत का, म्हणजे आरशात बघितल्यासारख्या? येत असतील तर थर धुताना-सुकवताना मऊ पडला, स्वतःलाच चिकटला आणि ओढल्यावर निघाला. पण जिथे रोज ऊन पडतं नेमक्या त्याच पट्ट्यात भेगा असतील आणि बोट फिरवलं की भुगा पडत असेल, तर कोटिंग उन्हाने आधीच मेलेलं होतं, लॉन्ड्रीत फक्त उघडं पडलं. पश्चिमेच्या खिडकीला हे हमखास होतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला पहिला प्रकार वाटतोय.

असं का होतं ते सांगतो, मी लॉन्ड्रीच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत. आपल्याला वाटतं पडदा म्हणजे कापड, पण असल्या कोटिंगवाल्या ब्लॅकआउटमध्ये अंधार कापड करतच नाही, तो करतो मागचा थर, बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा फेस. दुकानदार ‘थ्री पास’ म्हणतो ना, ते म्हणजे पांढरा, मधे काळा, परत पांढरा असे तीन हात मारलेले. आणि ड्रायक्लीन नावालाच कोरडं, त्यात पाण्याऐवजी सॉल्व्हेंट, म्हणजे मळ विरघळवणारं रसायन असतं. आपल्याकडे दोन चालतात, एक पर्क, म्हणजे पर्क्लोरोइथिलीन, आणि दुसरं एमटीओ, म्हणजे पेट्रोलियमपासूनचं टर्पेंटाइन, ज्याच्या धुलाईला लोक पेट्रोल वॉश म्हणतात. पर्क तेलाचे डाग मस्त काढतं पण असल्या थरालाही मऊ करतं, त्यात नंतर मशीनमध्ये गरम हवेवर गरगर फिरवलं आणि गरम असतानाच घडी घातली की झालंच. रेक्झिनसारखं पीव्हीसी कोटिंग असेल तर उलटं होतं, त्यातला मऊपणा पर्कमध्ये निघून जातो आणि पडदा पुठ्ठ्यासारखा कडक होतो. एमटीओ सौम्य आहे, तरी कोटिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

म्हणून लेबल बघायचं. गोलात पी म्हणजे पर्क चालेल, एफ म्हणजे फक्त पेट्रोल जातीचं, डब्ल्यू म्हणजे पाण्यातली प्रोफेशनल धुलाई, आणि गोलावर फुली म्हणजे ड्रायक्लीन नाहीच. पण आपण पडदे मीटरवर कापड घेऊन शिवतो, त्याला लेबल कुठलं! तेव्हा टेलरकडून वीतभर कातरण मागून ठेवा आणि लॉन्ड्रीत आधी तेवढंच धुवून दाखवा म्हणायचं. चांगला लॉन्ड्रीवाला याला नाही म्हणत नाही, आणि जो ‘काय नाय होत हो’ म्हणतो त्याच्याकडे देऊ नका. पावतीवर मागे ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे नुकसान झालं तर जबाबदारी गिऱ्हाइकाची, असं छापलेलं असतं त्यामुळे भांडून फार हाती लागेल असं वाटत नाही, पण कोटिंग आहे हे बघूनही न विचारता पर्कमध्ये टाकलं असेल तर माझ्या मते चूक त्याचीच, निदान धुलाईचे पैसे तरी मागाच.

पडदे फेकू नका मात्र. पुढचं कापड चांगलं असेल तर मागे वेगळं अस्तर हुकांवर लावून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दोन्ही वेगवेगळं धुता येईल. अस्तर घेताना कोटिंगवालं न घेता विणलेलं ब्लॅकआउट मागा, त्यात काळा धागा आतच विणलेला असतो, सोलायला काही नाहीच. अगदी गुडुप अंधार नाही होत पण दिवसा झोपायला पुरतो.

प्रश्न : मग कोटिंगवाला पडदा घरी कसा धुवायचा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शक्यतो धुवायचाच नाही! पंधरा दिवसांनी व्हॅक्यूमचा मऊ ब्रश फिरवा, डाग तिथल्या तिथे ओल्या फडक्याने टिपा. धुवायचाच झाला तर टबमध्ये कोमट पाणी, 30 डिग्रीच्या वर नको, लिक्विड साबण थोडासा, आणि घासणं, पिळणं, स्पिन काही नाही, कारण पिळलं की थराला सुरकुती पडते आणि तिथेच पुढे भेग जाते. निथळत्या अवस्थेतच रॉडवर चढवा, खाली जुने टॉवेल टाका, वजनाने आपोआप सरळ होतो. इस्त्री लागलीच तर एका टिंबावर, फक्त कापडाच्या बाजूने, थराला इस्त्री टेकली की इस्त्रीही गेली.

प्रश्न : पावसाळ्यात मागच्या बाजूला काळे ठिपके येतात.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बुरशी आहे. ती कोटिंगपेक्षा त्यावरच्या धुळीवर आणि ओलीवर पोसते. पडदा बाहेर काढून, तोंडाला मास्क लावून, साबणाच्या पाण्याने हलकं पुसा आणि पंख्याखाली पूर्ण सुकवा. ब्लीच नको, पुढच्या रंगाची वाट लागेल. आत मुरलेले ठिपके राहतील, ते मागच्या बाजूलाच असतात म्हणून सोडून द्या. जून लागला की पडदा भिंतीपासून चार बोटं पुढे येईल असा ब्रॅकेट लावून घ्या, ओल्या भिंतीला टेकला की परत तेच.