पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिलात का?

जुन्या महागड्या गाड्यांबद्दल जे प्रश्न येतात त्यातले निम्मे एकच असतात. गावाचं नाव आणि गाडीचा रंग तेवढा बदलतो. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो. पुण्यात बावीस वर्षं जर्मन गाड्यांच्या खाली उभं राहून काम केलंय, त्यामुळे मी गाडी खालून बघतो. विकणारा वरून दाखवतो.

प्रश्न : बजेट १८ लाख. नवी मध्यम एसयूव्ही घ्यावी की त्याच पैशांत सात वर्षांची मर्सिडीज सी-क्लास? घरचे म्हणतात नवी घे, मन ताऱ्यावर अडकलंय. (चिंचवड)

गाडीची किंमत उतरली आहे, तिच्या सुट्या भागांची नाही. हे वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर रंगवून घेणार होतो, बायकोने अडवलं. नवी असताना तुमच्या बजेटच्या तिप्पट किमतीची असलेली गाडी आज तुम्हाला परवडते, पण तिचा हेडलाइट, तिचा बंपर, तिचा एसीचा कॉम्प्रेसर अजून त्या तिप्पट किमतीच्या गाडीचाच आहे. आणि सातव्या वर्षी सगळं एकदम दाराशी येतं : टायर, बॅटरी, ब्रेकच्या डिस्क, गिअरबॉक्सचं तेल, इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश. पहिला मालक नेमका याच वर्षी का विकतोय, हा प्रश्न स्वतःला विचारा.

माझा हिशेब सरळ आहे. हातात १८ असतील तर १४ ची गाडी बघा आणि चार लाख पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा. ते चार लाख कर्जाचे असतील तर घरच्यांचं ऐका. विमाही आधी विचारून ठेवा; पाच वर्षांपुढच्या गाडीला ‘झीरो डेप’, म्हणजे भागांच्या किमतीतून घसारा न कापणारा विमा, सगळ्या कंपन्या देतातच असं नाही. गाडी नक्की झाली की, टोकन देण्याआधी, तिचा चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि पुढच्या मोठ्या सर्व्हिसचं एस्टिमेट मागा. तो कागद वाचून मन शांत राहिलं तर पुढचं बोलू.

प्रश्न : ऑफिस घरापासून सहा किलोमीटर. बीएस-६ डिझेल मर्सिडीज स्वस्तात मिळतेय. घेऊ? (ठाणे)

नको. धुराच्या नळीतल्या फिल्टरमधली काजळी जळायला गाडी नीट तापून काही वेळ सलग पळावी लागते; सहा किलोमीटरच्या ट्रॅफिकमध्ये ती तापायच्या आत तुम्ही ऑफिसात असाल. पेट्रोल बघा.

प्रश्न : मेव्हणे म्हणतात बीएमडब्ल्यू डिझेलची चेन तुटतेच. खरं का? (अहिल्यानगर)

मेव्हण्यांनी अर्धं ऐकलं आणि पूर्ण सांगितलं. तक्रार गाजली ती एन-४७ नावाच्या दोन लिटर डिझेल इंजिनाची, त्यातही मुख्यतः २००७ ते २०११ च्या सुमारास बनलेल्या गाड्यांची. त्या इंजिनात टायमिंग चेन मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे बसवली आहे. त्यामुळे चेन बदलायची म्हटलं की गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिनच उतरवावं लागतं. भागापेक्षा मजुरीच जड जाते. म्हणून हे नाव लोकांच्या तोंडी बसलं.

तुम्ही बघताय त्या गाडीत कोणतं इंजिन आहे ते चासी नंबरवरून कळतं. एन-४७ असेल तर सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करा आणि बॉनेट उघडून मागच्या बाजूने खरखर येते का ऐका. पोहोचल्या पोहोचल्या बॉनेटवर तळहात ठेवायला विसरू नका. गरम लागलं तर ‘जरा चक्कर मारून आणली’ असं सांगतील. चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी जा. खरखर ओळखता येत नसेल तर कान असलेला मिस्त्री सोबत न्या. मेव्हणे नकोत.

प्रश्न : २०१५ ची गाडी, ४२ हजार किलोमीटर, सिंगल ओनर, डॉक्टरांची. मीटरवर विश्वास ठेवू? (लातूर)

महाराष्ट्रात जितके डॉक्टर नाहीत तितक्या डॉक्टरांच्या गाड्या विकायला आहेत.

मीटर मागे घ्यायला आता स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, लॅपटॉप लागतो आणि चहा थंड व्हायच्या आत काम होतं. पण या गाड्यांत डॅशबोर्ड सोडून इतर कंट्रोल युनिटमध्येही किलोमीटरची नोंद राहते, काही गाड्यांत तर चावीत. मीटर फिरवणारा सगळीकडे हात फिरवत नाही. चांगल्या स्कॅनरवर हे आकडे एकमेकांशी जुळवून बघता येतात. अधिकृत सर्व्हिसची नोंदही चासी नंबरवर असते. मालकाकडून ती मागवा. ‘फाइल हरवली’ म्हणाले तर फाइल हरवली असेल, कंपनीच्या संगणकातली नोंद हरवत नाही.

घरच्या घरी एक करा. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१५ च्या, ४२ हजार चाललेल्या गाडीचे टायर २०२४ चे असतील तर हा जोड दुसरा की तिसरा, हे विचारा. ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंगचं चामडं चकचकीत असेल तर ती गाडी रविवारी देवदर्शनाला जाणारी नव्हे. एवढं करूनही शंका राहिली तर स्कॅन करून घ्या, माझ्या अंदाजावर जाऊ नका.

प्रश्न : पुराच्या पाण्यात गेलेली गाडी ओळखायची कशी? विक्रेता म्हणतो, ‘पाणी फक्त चाकापर्यंत होतं.’ (सांगली)

‘फक्त चाकापर्यंत’ ऐकलं की माझं डोकं फिरतं.

साध्या गाडीत चाकापर्यंतचं पाणी म्हणजे ओलं मॅटिंग. या गाड्यांत तसं नाही. इथे सीटखाली, गालिच्याखाली, डिकीच्या खळग्यात कंट्रोल युनिट आणि वायरिंगचे जाड जुडगे असतात. अनेक मॉडेलांत बॅटरीही डिकीत असते, एअरबॅगचं युनिट मधल्या कन्सोलखाली. पाणी सीटच्या उंचीलाही न येता गाडीचा मेंदू बुडालेला असतो.

मग होतं काय? दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या जाहीर किमतीच्या पाऊणपटीपुढे गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. महागड्या गाडीत तो आकडा लवकर गाठला जातो. मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते, कोणीतरी ती भंगाराच्या भावात उचलतो. सुकवतो, जुन्या बाजारातली युनिटं बसवतो, आत अत्तर मारतो आणि दोन जिल्हे पलीकडे नेऊन विकतो. २००५ ला मुंबईत २६ जुलैला हेच झालं, डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत, २०१९ ला तुमच्याकडे आणि कोल्हापुरात, २०२१ ला चिपळूणला. पूर ओसरला की काही महिन्यांनी ‘एकदम मस्त कंडिशन’च्या गाड्या बाजारात येतात, आणि घेणाऱ्याला पुराची तारीख आठवत नाही.

अशी गाडी पहिले दोन-तीन महिने सुतासारखी चालते. तांब्याला हिरवी बुरशी चढायला वेळ लागतो. मग एकदा काच खाली जात नाही, एकदा चावी ओळखत नाही, एकदा एअरबॅगचा दिवा लागतो, आणि तुम्ही प्रत्येक वेळी वेगळ्या मिस्त्रीकडे वेगळा रोग घेऊन जाता. रोग एकच असतो. चालू इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो आणि तशीच गाडी चालत राहते, एखाद्या दिवशी घाटात रॉड तुटेपर्यंत.

एक गाडी माझ्याकडे साताऱ्याहून तपासायला आली होती. आतून लख्ख, वास अत्तराचा, गालिचा नवाकोरा. दहा वर्षांच्या गाडीत नवा गालिचा का, एवढंच खटकलं. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत गेलो, ओढत गेलो, रीळ संपेपर्यंत. शेवटची वीतभर पट्टी चहाच्या रंगाची, कडेला वाळलेल्या गाळाची रेघ. विक्रेता म्हणाला, चहा सांडला असेल. रीळ मधल्या खांबाच्या पोटात, खाली तळाशी असतं. तिथे चहा सांडायचा तर आधी खांब उघडावा लागेल.

तेव्हा सांगलीकर, चारही पट्टे शेवटपर्यंत ओढा. सीट पुढेमागे सरकवून रुळांवरचे बोल्ट बघा, गंज आहे का. गालिच्याखालच्या जाड फोमवर अंगठा दाबा. स्टेपनीचा खळगा बघा. फ्यूजबॉक्सचं झाकण काढून टोकं हिरवी आहेत का बघा. आणि विम्याच्या कागदावर ‘नो क्लेम बोनस’ किती टक्के आहे ते वाचा. मालक पहिल्यापासून एकच आणि गाडी सहा वर्षांची असेल तर क्लेम न घेता बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोहोचायला हवा. शून्य असेल तर क्लेम कशाचा होता, हे कागदानिशी विचारा. एवढं सगळं पास झालं तरी गाडी लिफ्टवर घेऊन जाणकाराला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. लिफ्टवर घ्यायला जो नाही म्हणतो, त्याला तुम्हीही नाही म्हणा.

प्रश्न : सनरूफ असलेली घ्यावी का? (जळगाव)

गळत नसेल तर. चारही कोपऱ्यांतल्या पाण्याच्या नळ्या साफ आहेत का बघा. तुंबल्या की तेच पाणी गालिच्याखाली उतरतं. वरचं उत्तर वाचा.

प्रश्न : डीलर २०० पॉइंट तपासणी आणि एक वर्षाची वॉरंटी देतोय. नावावर करण्याचं ‘नंतर बघू’ म्हणतोय. (नवी मुंबई)

दोनशे पॉइंटांत ‘कपहोल्डर चालू’ हाही एक पॉइंट असतो. मला चारच सांगा : इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, इलेक्ट्रिकल. वॉरंटीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत काय दिलंय ते सोडा, बारीक अक्षरांत काय वगळलंय ते वाचा. ‘इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी’मधून टर्बो, इंजेक्टर आणि गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक युनिट वगळलेलं मी पाहिलंय. मग उरतं ते लोखंड, जे सहसा बिघडत नाही. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी या कंपन्यांच्या स्वतःच्या प्रमाणित जुन्या गाड्याही मिळतात. महाग पडतात, पण तिथे निदान वॉरंटीचा दावा कोणत्या दारात करायचा ते ठाऊक असतं.

आणि ‘नंतर बघू’ला आजच नाही म्हणा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात स्पष्ट केलंय. त्यामुळे नाव न बदलणं विकणाऱ्यालाही गैरसोयीचं आहे. त्याला तसं सांगून बघा, घाई त्यालाच होईल. गाडीचा विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. कंपनीच्या नावावरची गाडी असेल तर कागद एकदा वकिलाला दाखवा.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी घेतली. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटका देते. ओळखीचा म्हणाला सेन्सर असेल, म्हणून थांबलोय. (नाशिक)

चार महिने! ‘सेन्सर असेल’ हे निदान नव्हे, सांत्वन आहे. झटका सुरू झाल्याबरोबर तेल आणि सॉफ्टवेअरवर भागलं असतं, आता क्लचपर्यंत गेलं असेल. आज स्कॅन करा, आणि त्यात आलेला बिघाडाचा कोड पुसू देऊ नका. आधी त्याचा प्रिंट घ्या. हायवेवर नेऊ नका.

प्रश्न : दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या निम्म्या भावात दिसतात. आणून इथे पासिंग केलं तर? (कोल्हापूर)

स्वस्त का आहेत ते आधी समजून घ्या. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढे त्या प्रकरणाला आणखी वळणं आली, पण बाजाराने भाव पाडायचा तो पाडला. तिथली गाडी वाईटच असते असं नाही. कोकणातल्या गाडीपेक्षा खालून कमी गंजलेली मी पाहिली आहे.

खर्च मात्र पूर्ण मांडा. दिल्लीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, आणण्याचं भाडं, इथला नवा नंबर, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. २० लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला तो १५ टक्के आहे. जुनीला वयानुसार घट मिळते, पण मूळ किंमत मोठी असल्याने रक्कम टोचते. एजंट सांगेल तो आकडा धरू नका. कोल्हापूरच्या आरटीओत जा, आरसीची प्रत दाखवा आणि आकडा लिहून घ्या. मगच दिल्लीचं तिकीट काढा.

प्रश्न : सोबत सोळा फोटो पाठवलेत. घेऊ का? (सोलापूर)

फोटोवरून सांगता येत नाही. सोळांत खालून काढलेला एकही नाही.