सागरेश्वरला मुलांना नेऊन दाखवायचे काय?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी आम्ही 45 मुलांची सहल सागरेश्वर अभयारण्यात नेली होती. पोहोचायला दुपारचे बारा वाजले, दोन तासांत आम्ही फिरून आलो आणि लांबून पळून गेलेल्या दोन-तीन चितळांखेरीज काही दिसले नाही. "बाई, इथं तर काहीच नाही," असे एक मुलगा म्हणाला, ते मला अजून लागून राहिले आहे. यंदा हिवाळ्यात पुन्हा जायचे आहे, तर मुलांना खरोखर काही शिकता येईल अशी आखणी कशी करावी? शिवाय, तेव्हा एका मुलाने वाटेत पडलेले शिंग दप्तरात घालून आणले होते, ते आता शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवले आहे. त्यात काही गैर नाही ना?
— एक शिक्षिका, पलूस

उत्तर : शिंगाचे आधी सांगतो, कारण ते थांबवून ठेवण्यासारखे नाही. सांबर आणि चितळ यांची शिंगे दरवर्षी आपोआप गळतात, त्यामुळे ते उचलण्यात मुलाचा वाईट हेतू नव्हता हे उघड आहे. मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून असे काहीही उचलून आणता येत नाही. असे शिंग ही सरकारी मालमत्ता मानली जाते आणि ते कोणाच्या ताब्यात आल्यास 48 तासांच्या आत कळवावे लागते. तेव्हा मुख्याध्यापकांच्या सहीने सरळ, खरे पत्र लिहून ते वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात जमा करावे. मुलाला रागावू नये. गळालेली शिंगे साळिंदर कुरतडते आणि त्यातून त्याला कॅल्शियम मिळते, एवढे त्याला सांगितले, तर ते शिंग जंगलातच का राहायला हवे होते हे तो इतरांना समजावून देईल.

आता 'इथं काहीच नाही' या वाक्याकडे येतो. सहलीची सुरुवात याच वाक्यापासून करावी असे मला मनापासून वाटते, कारण एके काळी या डोंगराबद्दल ते अक्षरशः खरे होते. उघडाबोडका, पावसाची शाश्वती नसलेला हा डोंगर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासामुळे आणि लोकांच्या श्रमांमुळे झाडांखाली आला, तेथे हरणे आणून सोडली गेली आणि 1985 मध्ये 10.87 चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसाने उभे केलेले अभयारण्य आपल्या जिल्ह्यात, मुलांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि आपण मात्र तेथे प्राणिसंग्रहालयात जावे तसे जातो. मुलांनी तेथे प्राणी मोजण्यापेक्षा डोंगर कसा बदलतो हे पाहावे.

त्यासाठी एक साधा प्रयोग सांगतो. कुंपणाबाहेरच्या उघड्या मुरमाड उतारावर आणि आत झाडाखालच्या पालापाचोळ्यावर प्रत्येकी एक लिटर पाणी सावकाश ओतावे आणि ते कोठवर वाहत जाते, किती वेळात जिरते हे मुलांनी घड्याळ लावून नोंदवावे. नंतर दोन्हीकडची मूठभर माती हातात घेऊन पाहावी, वास घ्यावा आणि जागच्या जागी परत ठेवावी. झाड पाणी धरून ठेवते हे पुस्तकातले वाक्य त्या दिवशी त्यांना हाताने कळेल.

प्राणी दिसण्याचे म्हणाल, तर दुपारी बारा ही वेळच चुकीची होती. सांबर मुख्यतः रात्री चरते आणि दिवसा दाट झाडीत बसून राहते. चितळांचे कळप सकाळी आणि उन्हे उतरल्यावर बाहेर पडतात. वनविभागाला आधी लेखी कळवून सकाळी दार उघडताच आत जावे, दहा-बारा मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाने वेगळ्या पायवाटेने, वनरक्षक किंवा शिक्षक सोबत घेऊन, न बोलता चालावे. तरीही प्राणी दिसलाच नाही, तर त्याच्या खुणा दिसतील : ओल्या मातीतले खूर, लेंड्या, शिंगे घासल्यामुळे साल निघालेली खोडे, पाणवठ्याकडे जाणारी रुळलेली वाट. काळवीट दिसले, तर त्याची पिळदार शिंगे कायमची असतात, ती गळत नाहीत, हा सांबर-चितळांपासूनचा फरक वर्गात फळ्यावर काढण्यापेक्षा तेथे सांगावा. डबे मात्र दाराबाहेरच खावेत. हरणांना बिस्किटे घालण्याची सवय लागली की ती माणसांच्या मागे लागतात, प्लॅस्टिक गिळतात.

एका विषयावर बोलायला शिक्षक सहसा कचरतात, पण तुम्ही तो टाळू नये. तुमच्या वर्गातील कित्येक मुलांच्या घरी ऊस असेल. कुंपण ओलांडून सांबरे फडात शिरतात, पीक खातात, तुडवतात, आणि रात्र जागून काढणाऱ्या शेतकऱ्याला अभयारण्याचे कौतुक ऐकवणे सोपे नसते. या लहानशा, वस्तीने वेढलेल्या जंगलात वाघासारखा शिकारी नाही, कळप वाढत जातो आणि उन्हाळ्यात आतला चारा-पाणी आटते, ही कारणे मुलांना स्पष्ट सांगावीत. शेतकरी चूक की सांबर चूक असा वाद तेथे लावू नये. नुकसान झाले तर वनविभागाकडे अर्ज कसा करतात, पंचनामा कसा होतो, हे वनरक्षकांकडूनच मुलांना ऐकवावे, म्हणजे ती माहिती घरापर्यंत पोहोचेल.

सहलीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक मुलाने आजी-आजोबांना, किंवा गावातील एखाद्या वयस्क माणसाला, 'हा डोंगर पूर्वी कसा होता?' एवढे विचारून चार ओळी लिहून आणाव्यात. डोंगरमाथ्यावर, जेथून खाली कृष्णाकाठची हिरवी शेते दिसतात, तेथे बसून त्या वाचाव्यात. ज्या मुलाने गेल्या वर्षी ते वाक्य उच्चारले, त्याला पहिल्यांदा वाचायला सांगावे.