आईला घेऊन लंडन : पैसा कुठे घालायचा

तुम्ही विचारलंय, आईला घेऊन पाच दिवस लंडन थाटात बघायचं तर बजेट कसं आखावं. आणि खाली लिहिलंय, 'हॉटेलवर फार घालवायचे नाहीत, झोपायलाच तर जायचं.' हे वाक्य मी घरात थोरल्या भावाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्यावाचून राहवेना.

अर्धं बजेट हॉटेलवर घाला. गावाच्या मधोमध, ट्राफल्गार चौकाच्या आसपास. उरलेल्यात बाकीचं बसवा.

आमच्या आईनं इथे सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं काठ शिवले. दादा म्हणाला, 'तिला काय कळणार फाइव्ह स्टारमधलं?' पहिल्या रात्री ती बाथरूममधून बाहेर येईना म्हणून मी दार वाजवून आत गेलो. आरशावरच्या दिव्याखाली टॉवेलचा काठ उलटा करून ती शिलाईवरून नख फिरवत होती. म्हणाली, 'टाका बघ किती बारीक. कोपऱ्याला दोनदा मारलाय.' मग दादालाच व्हिडिओ कॉल लावून तो काठ दाखवला. तिला कळत नाही म्हणे!

दुसरं म्हणजे गुडघे. सकाळी नॅशनल गॅलरी (तिकीट नाही, ब्रिटिश म्युझियमलाही नाही), दोन तासांत आई थकायची. पाच मिनिटांत खोलीवर, दोन तास आडवी, चारला पुन्हा थेम्सकाठी. दादाच्या टूरचं हॉटेल गावाबाहेर होतं. सकाळी आठला निघायचं, रात्री नऊला परत. वहिनींना लंडनमधली बस तेवढी आठवते.

भुयारी रेल्वे स्वस्त आहे, पण बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही. टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवा. रेस्टॉरंटच्या बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज बहुतेकदा आधीच असतो, वर टिप ठेवू नका. कार्डाचं मशीन 'रुपये की पाउंड' विचारतं तेव्हा पाउंडच दाबा, नाहीतर वाईट दरानं कापतात. व्हॅट परत मिळेल या भरवशावर खरेदी करू नका. पर्यटकांसाठी ती सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. उलट काही मोठी हॉटेलं दर सांगताना २० टक्के व्हॅट धरत नाहीत, ते विचारूनच बुक करा. बिझनेस क्लास सोडा, ते पैसे खोलीत घाला. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच मागून ठेवा.

हो, कर्ज काढून जाऊ नका. आम्ही तीन वर्षं आरडी भरली होती. आणि तुमच्या आई दिवसभर न थकता चालत असतील तर जरा लांबचं हॉटेलही चालेल, पण आधी त्यांना विचारा. आम्ही कोणीच आईला विचारलं नव्हतं, मी नाही आणि दादानंही नाही. परतल्यावर तिनं शेजारणींना सांगितलं ते खोलीचं, टॉवेलचं, आणि दुपारी पांढऱ्या चादरीवर पडून खिडकीतून दिसणाऱ्या पावसाचं.