ग्राइंडरमध्ये बीन्स कमी असले तर कॉफी वेगळी दळली जाते का? एका कपापुरते १५ ग्रॅम टाकावेत की हॉपर (ग्राइंडरच्या वरचं बीन्स भरायचं भांडं) भरून ठेवावा?

हो, वेगळी दळली जाते. हे कळेपर्यंत मी सहा महिने बोलणी खाल्ली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला आमचं छोटं कॉफीचं दुकान होतं, माझं आणि माझ्या धाकट्या दिरांचं. सकाळी ते बसायचे, दुपारी चारनंतर मी. त्यांच्या वेळची एस्प्रेसो दाट, वर तांबूस साय. माझ्या वेळची पाणचट आणि आंबट. बीन्स तेच, मशीन तेच, सेटिंग तेच. नेहमीची गिऱ्हाइकं तोंडावर बोलायची. भाऊजींचं निदान ठरलेलं: "वहिनी, तुमचा हात हलका पडतो. टॅम्पर नीट दाबा." टॅम्पर म्हणजे पूड दाबायचा दट्ट्या. दाबून दाबून माझं मनगट धरलं, रात्री पोळ्या लाटता येईनात. कॉफी होती तशीच.

शेवटी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणला. आमचा ग्राइंडर टायमरवर लावलेला होता, तेवढ्या सेकंदांत १८ ग्रॅम पूड पडायला हवी. संध्याकाळी सातला मोजली तर साडेसोळा. वर डोकावले तर हॉपरच्या तळाशी मूठभर बीन्स, आणि तेही लाह्यांसारखे टणाटण उडताहेत. दुसऱ्या दिवशी सेटिंगला हात न लावता अर्धा किलो ओतले. पूड १८ ग्रॅम, कपात ३६ ग्रॅम कॉफी यायला २८ सेकंद. मग हॉपर संपत आल्यावर पुन्हा एक कप काढला, पण या वेळी काट्यावर पूड बरोबर १८ ग्रॅम करून घेतली. तरी २१ सेकंदांत कप भरला. म्हणजे वजन कमी पडत होतं हे एक, आणि दळणच जाड येत होतं हे दुसरं.

भाऊजी म्हणाले, योगायोग. सासूबाईंनी तर उलटा दाखला दिला: "अगं, जात्यात वैरण कमी घातली की पीठ बारीक येतं, जास्त घातली की भरड. तुझं भलतंच काहीतरी." मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण जात्याचं त्या म्हणतात ते अगदी खरं आहे.

पण जात्याचा वरचा दगड नुसता वर ठेवलेला असतो. वैरण वाढली की तो धान्यावर उचलला जातो, फट वाढते, भरड पडते. ग्राइंडरच्या दोन बरमधली, म्हणजे दळणाऱ्या दातेरी चकत्यांमधली, फट आवळलेली असते, बीन्स कितीही आले तरी ती हलत नाही. वर वजन असलं की बीन्स दाटीवाटीने आत घुसतात, तुकडे एकमेकांवर घासले जातात आणि पिठासारखी बारीक धूळ जास्त होते. एस्प्रेसोत पाण्याला अडवते ती हीच धूळ. वर वजन नसलं की बी उडते, परत पडते, एकटी-दुकटी आत जाते. तिला घासायला शेजारी कोणी नाही. धूळ कमी, पाणी सरसर खाली. हे सगळं मला आठवड्याने सुचलं, तोवर सासूबाई विषय विसरल्या होत्या.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर १५ ग्रॅम टाका किंवा हॉपर भरा, दोन्ही चालतं. आज असं, उद्या तसं हे मात्र चालत नाही. मोजून टाकत असाल तर भरलेल्या हॉपरपेक्षा सेटिंग एखाददुसरी खाच बारीक लावा आणि रोज तेवढेच टाका. हॉपर भरत असाल तर तिसऱ्या हिश्शाच्या खाली जाऊ देऊ नका. टायमरवर विसंबू नका, काटा घ्या. आणि हाताला नावं ठेवणाऱ्यांचं ऐकू नका. पूड एकदा सरळ, घट्ट दाबली गेली की त्यापुढे आणखी जोर लावून एस्प्रेसोत फारसा फरक पडत नाही. हे मी तेव्हाही सांगत होते.

आता भाऊजींची बाजू. संध्याकाळी हॉपर भरायचा नाही हा नियम त्यांचा होता, आणि त्यामागचं कारण बरोबर होतं: मशीनच्या उबेला रात्रभर पडलेले बीन्स शिळे होतात. घरी दिवसाला दोन कप होत असतील तर भरलेला हॉपर तुमच्याही कामाचा नाही. शिवाय आमचे बर झिजलेले निघाले. नवे बसवल्यावर सकाळ-संध्याकाळचा फरक कमी झाला. गेला नाही, कमी झाला. भाऊजींना त्यातलं फक्त "बर झिजलेले होते" एवढंच आठवतं.

आणि तुम्ही ग्राइंडर म्हणजे मिक्सर म्हणत असाल तर वरचं सगळं सोडून द्या. तिथे बीन्स फार थोडे असले तर पात्याला चुकवून भिंतींवर आपटत राहतात, फार भरले तर खाली पीठ आणि वर अख्खे दाणे. लहान भांडं निम्म्याच्या आत भरा, थांबून थांबून फिरवा, मधेमधे भांडं हलवा. एस्प्रेसो त्यातून होणार नाही, फिल्टर कॉफीपुरतं निभतं.