केनियाच्या एकाच गाइडेड सफारीत पक्षीनिरीक्षण आणि मोठे प्राणी, दोन्ही नीट पाहता येतात का?

तुम्ही लिहिलंय की पक्ष्यांचं वेड तुम्हाला एकट्यालाच आहे, बायको-मुलांना सिंह आणि हत्ती पाहायचे आहेत, आणि एजंटने सरळ सांगितलंय की बर्डिंगची टूर वेगळी घ्या, नेहमीच्या सफारीत ते जमत नाही. मी केनियाला दोनदा गेले. पहिल्यांदा मलाही अगदी हेच वाटलं होतं. दुसऱ्यांदा कळलं की दोन्ही जमतं, फक्त त्यासाठी गाडी आणि गाइड यांची निवड हॉटेलच्या आधी करावी लागते.

पहिली सफर ऑगस्टमधली, मसाई मारा या राखीव क्षेत्रातली. सात जणांची व्हॅन, सगळे अनोळखी. झाडाच्या शेंड्यावर लिलॅक-ब्रेस्टेड रोलर बसला होता, आपल्या नीलपंखाचा भाऊच, पण छाती जांभळी. मी थांबायला सांगितलं. चालकाने पाऊण मिनिट गाडी थांबवली, मागून कुणीतरी "चला, सिंह जाईल" म्हणालं आणि आम्ही निघालो. दिवसभर रेडिओवर ऐकायचं आणि जिथे वीस गाड्या उभ्या आहेत तिथे एकविसावी नेऊन लावायची, एवढंच चाललं होतं. सिंह दिसले, चित्ता दिसला, आणि तरीही संध्याकाळी मी रडवेली झाले होते. दोष त्या चालकाचा नव्हता. सहा जणांना एक हवं आणि एकीला दुसरं, तर त्याने काय करावं?

दुसऱ्यांदा फेब्रुवारीत गेलो, गाडी फक्त आमची आणि गाइड पक्ष्यांचा जाणकार. माझ्या नवऱ्याला पक्ष्यांत शून्य रस. दुसऱ्याच सकाळी गाइडने एका वाळक्या झाडापाशी गाडी बंद केली. झाडावर दहा-बारा गिधाडं गप्प बसलेली. तो म्हणाला, "सगळी वर आहेत, खाली एकही नाही. म्हणजे ज्याची शिकार आहे तो अजून तिथेच आहे." दहा मिनिटांनी झुडपामागून सिंहीण उठली, तोंड रक्ताने माखलेलं, मागे अर्धा झेब्रा. आजूबाजूला दुसरी गाडी नाही. आम्ही तिथे तासभर थांबलो आणि त्या तासात ग्राउंड हॉर्नबिलची, म्हणजे जमिनीवर चालणाऱ्या धनेशाची, जोडी गवतातून चालत आमच्या समोरून गेली. त्या दिवसापासून नवरा आधी आभाळात गिधाडं शोधायला लागला.

मला तुम्हाला हेच सांगायचंय. चांगल्या गाइडसाठी पक्षी आणि मोठी जनावरं ही दोन खाती नसतात. सगळीकडून गिधाडं पाय खाली सोडून झपाट्याने उतरू लागली, तर तिथे ताजं काहीतरी पडलेलं असतं. गिनीफाउल, म्हणजे कोंबडीसारखे रानपक्षी, एकाएकी कलकलाट करू लागले, तर गवतात काहीतरी फिरतंय. गो-अवे-बर्ड नावाचा राखाडी पक्षी झाडावरून नाकात ओरडतो, तोही धोक्याची वर्दी देतो. गेंड्याच्या पाठीवर बसणाऱ्या ऑक्सपेकरला स्वाहिलीत 'अस्करी वा किफारू' म्हणतात, म्हणजे गेंड्याचा पहारेकरी. माणसाची चाहूल लागली की तो ओरडतो आणि ज्याची नजर अधू तो गेंडा सावध होतो. ज्याला पक्षी कळतात, त्याला बिबट्या इतरांच्या आधी सापडतो. एजंटचं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही.

आता गाइड कसा ओळखायचा. केनियात प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशनची परीक्षा असते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे तीन दर्जे असतात. गोल्ड फार थोड्यांकडे आहे, सिल्व्हरवाला मिळाला तरी तुमचं काम उत्तम होईल. पण बिल्ल्यावरच थांबू नका. बुकिंगच्या आधी त्या माणसाशी स्वतः फोनवर बोला. कंपनीच्या विक्रेत्याशी बोलून काही कळत नाही. त्याला विचारा, गेल्या फेब्रुवारीत उत्तरेच्या सांबुरू अभयारण्यात काय काय दिसलं? जो खरा आहे तो लगेच रंगात येतो आणि तुम्हालाच उलट विचारतो की आजवर काय पाहिलंय. "सगळं दिसेल, बिग फाइव्हची गॅरंटी" असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेवा. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस ही पाचांची यादी मुळात शिकाऱ्यांची, पायी शिकार करायला सर्वांत अवघड आणि धोक्याचे प्राणी म्हणून केलेली. सफारी त्या यादीवर बेतली की जिराफसुद्धा वाटेतला अडथळा वाटू लागतो, आणि मुलांच्या बाबतीत तर मला ते फारच वाईट वाटतं.

गाडी पूर्ण तुमचीच हवी, यावर अडून बसा. खर्च वाढेल. तो मी राहण्याच्या जागेतून कमी केला, साधे तंबू घेतले, आणि एकदाही पस्तावले नाही. टप उघडणारी लँड क्रूझर आणि प्रत्येकाला खिडकी, एवढं पुरे.

महिना कोणता, हेही विचारलंय. मुलांना विल्डबीस्ट या हरणांच्या कुळातल्या प्राण्यांच्या कळपांचं नदी ओलांडणं पाहायचंच असेल तर जुलै ते ऑक्टोबर, दुसरा इलाज नाही. पण तेव्हा नदीकाठी तासन् तास गाड्यांच्या रांगेत बसावं लागतं, आणि त्या काळात मारा राखीव क्षेत्राचं परदेशी पाहुण्यांसाठीचं शुल्क माणशी दिवसाला 200 डॉलर आहे. जानेवारी ते जून तेच 100 डॉलर. माझं मत फेब्रुवारीला. कळप तेव्हा टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला वासरं घालत असतात, पण माराचे स्थानिक सिंह, हत्ती, चित्ते कुठे जात नाहीत. शिवाय युरोप-आशियातून हिवाळ्यासाठी उतरलेले पक्षी असतात, आणि मार्च ते मेचा मोठा पाऊस अजून सुरू झालेला नसतो. माराच्या एका झुडपात मला चातक दिसला. मृगाच्या तोंडावर आपल्याकडे आफ्रिकेहून येतो तो चातक, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. त्याला त्याच्या दुसऱ्या घरी पाहून मला काय वाटलं, ते लिहून सांगता येणार नाही.

मार्ग निवडताना ठिकाणं कमी ठेवा. नैरोबीत उतरल्यावर पहिला अर्धा दिवस शहराला लागूनच असलेल्या नैरोबी नॅशनल पार्कला द्या. क्षेत्र अवघं 117 चौरस किलोमीटर, पण गेंडे आहेत, सिंह आहेत आणि चारशेहून अधिक जातींचे पक्षी आहेत. मग तीन रात्री सांबुरू. हा कोरडा, उत्तरेचा मुलूख. बारीक पट्ट्यांचा ग्रेव्हीज झेब्रा, जाळीदार नक्षीचा जिराफ, मागच्या पायांवर उभं राहून पाला खाणारा गेरेनुक, हे घरच्यांसाठी. तुमच्यासाठी निळ्याजर्द छातीचा व्हल्चराइन गिनीफाउल आणि सोनेरी पोटाची गोल्डन-ब्रेस्टेड स्टारलिंग. कोरी बस्टर्डही शोधा. आपल्या माळढोकाच्या या आप्ताला तिथे निवांत चरताना पाहिलं की गलबलून येतं.

वाटेत रिफ्ट व्हॅलीतलं एखादं सरोवर घ्या. नाकुरूत काळे आणि पांढरे दोन्ही गेंडे आहेत, मात्र गुलाबी किनाऱ्याचे जुने फोटो पाहून जाऊ नका. गेल्या दशकात तिथलं पाणी खूप वाढलं, खारटपणा उतरला, फ्लेमिंगोंचं शेवाळ कमी झालं आणि ते बोगोरियासारख्या सरोवरांकडे सरकले. बारिंगो सरोवराला वेळ देता आला तर स्थानिक पक्षी-गाइडला बरोबर घ्या. कड्याच्या कपारीत दिवसा झोपलेली घुबडं हे गाइड नेमकी दाखवतात. शेवटी मारा, आणि जमल्यास राखीव क्षेत्राबाहेरच्या एखाद्या कॉन्झर्व्हन्सीत राहा. नाबोइशो, मारा नॉर्थ अशा या जमिनी मसाई कुटुंबांच्या आहेत आणि त्यांना भाडं मिळतं. तिथे एका जनावरापाशी मोजक्याच गाड्या थांबू देतात. पायी फिरता येतं, रात्रीची फेरीही मिळते. नाइटजार, म्हणजे रातवे, आणि घुबडं पाहायची ती तिथेच.

निव्वळ बर्डिंग टूरबद्दल एवढंच. तीन आठवड्यांत सहाशेच्या आसपास जाती होतात, पण पहाटे पाचपासून अंधार पडेपर्यंत तेच, आणि काकामेगासारख्या दाट जंगलात तासभर नुसता आवाज ऐकत मान वर करून उभं राहायचं. माझ्यासारखीला तो स्वर्ग आहे. तुमच्या मुलांना शिक्षा होईल. ती टूर कधीतरी एकटे करा.

किरकोळ, पण चुकवू नये असं थोडं. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि प्रमाणपत्र जवळ ठेवा. ते नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. व्हिसाऐवजी 2024 पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना, काढावा लागतो. आतल्या छोट्या विमानाने गेलात तर सामान माणशी 15 किलो, तेही मऊ बॅगेत. प्लास्टिकच्या पिशव्यांवर देशभर बंदी आहे. दुर्बीण प्रत्येकाला स्वतंत्र द्या, 8×42, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुरेशी. एका दुर्बिणीवरून घरात जेवढी भांडणं होतात तेवढी खिडकीवरूनही होत नाहीत. गडद निळे कपडे नकोत, त्से-त्से माश्या त्या रंगाकडे धावतात. आणि सकाळी सहाला नाश्ता डब्यात घेऊन निघायचं, हे गाइडशी पहिल्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर लॉजवाले आठला जेवायला बसवतात आणि दिवसाचा सर्वांत चांगला वेळ टेबलावर जातो.

तारखा ठरल्या की इथेच लिहा. सांबुरूसाठी माझी पक्ष्यांची यादी पाठवते.