जुन्या मराठी फायली: आधी फॉन्ट वाचवा, रूपांतर नंतर

1997 च्या पेजमेकर (छपाईची पानं मांडायचा प्रोग्राम) फायली नव्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात आणि दुकानदार म्हणतो 'टेक्स्ट करून देतो', असं तुम्ही लिहिलंय. त्याला आधी थांबवा.

त्या काळच्या विंडोजला देवनागरी कळतच नव्हती. एक बाइट घ्यायचा, फॉन्टमधलं त्या क्रमांकाचं चित्र काढायचं, एवढंच. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टच्या पद्धतीत इंग्रजी छोटा ई (e) दाबला की म. म्हणजे फायलीत मराठी अशी नाहीच, आहे ते फॉन्टचं नाव आणि इंग्रजी अक्षरं. साधं टेक्स्ट केलं की नाव गेलं. मग मजकुरातला 'एरियल' या इंग्रजी फॉन्टमधला खरा इंग्रजी पत्ता कोणता आणि मराठी कोणती, हे कुठलाच कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टचा मजकूर आजच्या युनिकोड पद्धतीत नेणारा प्रोग्राम) सांगू शकत नाही. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) आमच्या अख्ख्या संग्रहाचं हेच केलं, वर मूळ फ्लॉप्या रद्दीत घातल्या. पत्र पाठवलं तर उत्तर आलं, 'मजकूर सुरक्षित आहे'.

तेव्हा मूळ फायलींची प्रत काढून ती रीड-ओन्ली करा. मग जुन्या यंत्रातून फॉन्ट उचला: विंडोज 95 पासून ते 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये, 3.1 मध्ये बहुधा 'सिस्टिम'मध्ये. तिथे डॉट एफओटी फायलीही दिसतील. त्या दोन केबीच्या आतल्या, खरी फॉन्ट-फाइल कुठे आहे एवढाच पत्ता सांगणाऱ्या. अक्षरांच्या बाह्यरेखा डॉट टीटीएफमध्ये असतात. एफओटीच घेऊन येणारे बरेच भेटतात. त्यानंतर पेजमेकर 6.5 मधून मजकूर आरटीएफ (फॉन्टची माहिती सोबत ठेवणारा फाइल-प्रकार) म्हणून एक्स्पोर्ट करा. कर्सर ज्या स्टोरीत (एकमेकांना जोडलेल्या मजकुराच्या तुकड्यात) असेल तेवढीच बाहेर पडते, त्यामुळे हे काम कंटाळवाणं आहे. पण आरटीएफमध्ये फॉन्टचं नाव टिकतं.

वर्डमध्ये उघडण्यापूर्वी ऑटोकरेक्ट बंद. परिच्छेदाच्या सुरुवातीला काही टाइप केलंत की ते पहिलं अक्षर कॅपिटल करतं, आणि कॅपिटल ई (E) म्हणजे अर्धा म्.

कन्व्हर्टर कोणता ते फॉन्टवर अवलंबून. 'सगळे फॉन्ट चालतात' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. आधी 'विद्यार्थिनी' टाकून बघा. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये नेमकं उलट. या एका शब्दात दोन्ही सापडतात.

स्क्रीनवर शिरोरेषा कुठे जाड, कुठे तुटकी दिसली तर फाइल बिघडली असं समजू नका. 96 डीपीआयवर (इंचाला 96 ठिपके) 12 पॉइंट म्हणजे जेमतेम 16 पिक्सेल, त्यातच रफार, मात्रा, उकार. त्या काळच्या कितीतरी मराठी फॉन्टचं हिंटिंग (लहान आकारात रेषा पिक्सेलवर नीट बसवणाऱ्या सूचना) यथातथाच होतं. 600 डीपीआयच्या लेझरवर छापून बघा, रेषा सरळ येते.

मॅकवर बनलेल्या फायलींना मात्र यातलं सगळं लागू होईलच असं नाही. तिथे अक्षरांचे 127 च्या वरचे क्रमांक वेगळे, आणि फाइल विंडोजवर आणताना पेजमेकर ते परस्पर बदलतो. फाइल मॅकची असेल तर ती मॅकवरच उघडून आरटीएफ काढा.