अल्पाकांचे डॉक्टर होऊन पोट भरेल का?

प्रश्न : माझी मुलगी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या आहेत. तिला मात्र लामा आणि अल्पाका यांच्याच आजारांत तज्ज्ञ व्हायचे आहे आणि पदवीनंतर थेट पेरूला जायचे, असे ती म्हणते. एका एजंटने परदेशातील फार्मवर पैसे भरून सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेण्याचे सुचवले आहे. तिने पशुधन विकास अधिकारी पदाची परीक्षा द्यावी, असे मला वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक पालक, ता. फलटण

उत्तर : आपल्या मुख्य शंकेचे उत्तर आधी देतो. लामा आणि अल्पाका हे दक्षिण अमेरिकेतील, उंटाच्या कुळातले प्राणी. भारतात त्यांच्या पालनाचा व्यवसाय नाही, त्यामुळे येथे राहून केवळ त्यांच्यावर चरितार्थ चालणार नाही. परदेशातही फक्त लामा-अल्पाकांवर गुजराण करणारे पशुवैद्य थोडेच असतात. बहुतेक जण गाई, मेंढ्या आणि घोडे पाहतात व त्यांच्या जोडीला हे कळप सांभाळतात. म्हणून आपल्या मुलीने आधी मेंढ्या-शेळ्यांची उत्तम डॉक्टर व्हावे आणि मग या प्राण्यांकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मेंढपाळाच्या घरात वाढल्यामुळे त्यातला निम्मा रस्ता ती चालून आली आहे, हे तिच्या लक्षात आलेले दिसत नाही.

जगातील बहुसंख्य अल्पाका पेरूमध्ये आणि सर्वाधिक लामा बोलिव्हियामध्ये आहेत. पेरूतील पुनो आणि कुस्को या भागांत समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर अल्पाकांचे कळप चरतात. डिसेंबर ते मार्च या पावसाळी महिन्यांत माद्या वितात आणि चिखलाने भरलेल्या वाड्यांत नवजात पिल्ले आंत्रविषाराने (आतड्यात जीवाणूंचे विष तयार होण्याच्या आजाराने) पटापट दगावतात. आपल्याकडे मेंढ्यांना ज्या आंत्रविषाराची लस टोचतात, त्याच क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स जीवाणूचा, परंतु मुख्यतः ‘ए’ प्रकाराचा, हा प्रताप असतो. तेथे काम भरपूर आहे, मात्र ते करणारे डॉक्टर स्थानिक असतात आणि मेंढपाळ कुटुंबे आपल्याकडील कुटुंबांइतकीच हातावर पोट असलेली. बाहेरून येणाऱ्याला तेथे वाव मिळतो तो प्रामुख्याने संशोधनात, उदाहरणार्थ सान मार्कोस विद्यापीठाच्या मारांगानी येथील केंद्रासारख्या ठिकाणी, आणि त्यासाठी बोलण्याइतपत स्पॅनिश आलेच पाहिजे. पगारी वैद्यकीय काम हवे असेल, तर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका या देशांचा विचार करावा. तेथे आपली पदवी थेट चालत नाही, परवान्यासाठीच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्या खर्चिक व कठीण आहेत.

मेंढ्यांचा अनुभव कसा उपयोगी पडतो, ते सांगतो. अल्पाका आजार लपवण्यात पटाईत असतो आणि दाट लोकरीखाली त्याचा रोडपणा दिसत नाही. त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबणारा डॉक्टर फसतो. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर हात ठेवून मणक्याच्या दोन्ही बाजूंचे मांस चाचपावे लागते आणि खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा लागतो. तो गुलाबी नसून पांढुरका असेल, तर रक्त पिणाऱ्या हिमोंकस जंताचा संशय घ्यायचा. हाच जंत माणदेशातल्या मेंढ्यांनाही पोखरतो आणि औषधाला दाद न देणाऱ्या जंतांचा प्रश्नही दोन्हीकडे सारखाच आहे. पिल्लाला पहिल्या काही तासांत पुरेसा चीक मिळाला की नाही, हे पाहण्याची सवयही घरीच लागते.

जे वेगळे आहे, ते मात्र नीट शिकावे लागते. या प्राण्यांचे पोट मेंढ्यांसारखे चार नव्हे, तर तीन कप्प्यांचे असते. मादीचे बीज समागमानंतरच सुटते आणि गाभणकाळ साधारण साडेअकरा महिन्यांचा असतो. कोंबड्यांच्या खाद्यातील मोनेन्सिन आणि सॅलिनोमायसिन ही औषधे त्यांना विषारी ठरतात, तांबे थोडे जास्त झाले तरी बाधते, आणि कमी उन्हाच्या प्रदेशांत हिवाळ्यात पिल्लांना ‘ड’ जीवनसत्त्वाअभावी मुडदूस होतो. अमेरिकेच्या पूर्व भागात पांढऱ्या शेपटीच्या हरणांतून गोगलगायींमार्फत येणारा एक जंत मज्जारज्जूत शिरतो आणि जनावर मागच्या पायांनी लटपटू लागते. शिवाय त्यांच्यासाठी म्हणून परवाना मिळालेली औषधे फारच थोडी असल्यामुळे मात्रा ठरवताना डॉक्टरच्या अभ्यासाची कसोटी लागते. हा अभ्यास पुस्तकी वाचनाने सुरू होऊ शकतो. त्यासाठी आत्ताच विमानात बसण्याची गरज नाही.

तिने काय करावे? पदवीच्या अखेरच्या वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये मेंढ्या-शेळ्यांचे कळप जितके पाहता येतील तितके पाहावेत, आणि परवानगी मिळाल्यास बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्रात काही आठवडे काढावेत. उंट हा लामाचा चुलतभाऊच आहे. पुढे परोपजीवीशास्त्र (जंत, गोचिडी यांसारख्या परजीवींचा अभ्यास) किंवा पशुऔषधशास्त्र घेऊन एम. व्ही. एस्सी. ही पदव्युत्तर पदवी करावी, मला स्वतःला परोपजीवीशास्त्र अधिक पसंत आहे, कारण ते फलटणलाही चालते आणि पुनोलाही. प्रयोगशाळेची आवड असेल, तर आणखी एक वाट आहे. उंटवर्गीय प्राण्यांच्या रक्तात नेहमीपेक्षा लहान, फक्त जड साखळ्यांची (म्हणजे प्रथिनांच्या मोठ्या साखळ्यांचीच बनलेली) प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, असतात, हे बेल्जियममधील संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांवर आधारित कॅप्लासिझुमॅब हे, रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या एका दुर्मिळ आजारावरचे, पहिले औषध २०१८ मध्ये युरोपात मंजूर झाले. अशा संशोधनासाठी लामांचे कळप पाळले जातात आणि त्यांच्या आरोग्यासाठी पशुवैद्य लागतात.

आपण सुचवलेल्या परीक्षेला माझा विरोध नाही. पशुधन विकास अधिकारी म्हणून मिळणारा कळपांचा अनुभव मोलाचा आहे. फक्त एकदा नोकरी लागली की परदेशी परवान्यांचा अभ्यास मागे पडतो, हे दोघांनीही गृहीत धरून ठरवावे.

एजंटला मात्र पैसे देऊ नयेत. त्या फार्मवर नोंदणीकृत पशुवैद्य रोज असतो का, प्रशिक्षणार्थीला प्रत्यक्ष उपचार करण्याची कायदेशीर मुभा आहे का, आणि व्हिसा कोणत्या प्रकारचा असेल, हे तीन प्रश्न त्याला लेखी विचारावेत. लेखी उत्तर आले नाही, तर पैसे भरून वाडे झाडणे आणि लोकर कातरताना जनावर धरणे यापलीकडे तिच्या हाती फारसे काही लागणार नाही, असे समजावे.